चाळीखालचा काळा दगड

तावडेबाई दगडाला जीभ लावून बघायच्या. हे मी कुणालाही सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, म्हणून तेच सुरुवातीला सांगून मोकळी होते. सहावीत भूगोलाच्या पहिल्याच तासाला त्या वर्गात आल्या, पर्समधून एक करडा खडा काढला, पदराने पुसला आणि आमच्या चाळीस जणांसमोर त्याला जीभ लावली. खडा जिभेला चिकटून राहिला. तो हाताने सोडवून त्या म्हणाल्या, "यात चिकणमाती आहे." मग दुसरा काढला, काळा. तो चिकटला नाही. त्याच्यावर तोंडाची वाफ सोडून त्यांनी तो हुंगला आणि पुन्हा पर्समध्ये, बसच्या पासाशेजारी ठेवून दिला. आम्ही हसत होतो. त्यांनी आम्हाला पोटभर हसू दिलं आणि मग फळ्यावर 'खडकांचे प्रकार' असं लिहिलं.

परळच्या आमच्या मराठी शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि राहायच्या लालबागला, आमच्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. मूळच्या देवगडकडच्या. शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा भावाच्या खोलीत राहायला आल्या. भाऊ पुढे अंबरनाथला गेला आणि बाई एकट्याच राहिल्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, साडी घोट्याच्या चार बोटं वर. शाळेत त्या मला 'परब' म्हणायच्या आणि एकदम शुद्ध बोलायच्या. चाळीच्या जिन्यात भेटल्या की 'काय गो, जेवलंस?' अशी मालवणी सुरू. त्यामुळे गृहपाठ झाला नसेल तर जिन्यातल्या बाईंना घाबरायचं की नाही, याचा मला कधी पत्ता लागला नाही. सकाळी नळावर हंडा लावून त्या उभ्या असत, तेव्हा मी दुसऱ्या जिन्याने उतरायचे.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "तुला कसं कळलं?" उत्तर बरोबर असलं तरी हा प्रश्न यायचाच. पृथ्वी गोल आहे असं वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीने सांगितलं, तर तिलाही. ती म्हणाली, पुस्तकात आहे. बाई म्हणाल्या, "पुस्तक बरोबरच आहे. पण तुला कसं कळलं?" ती मुलगी रडली. बाईंनी तिला रुमाल दिला, पण प्रश्न मागे घेतला नाही. पुढच्या रविवारी तिला आणि आम्हा चौघींना घेऊन त्या दादरच्या चौपाटीवर गेल्या आणि लांब जाणाऱ्या होडीचा आधी खालचा भाग दिसेनासा होतो आणि शिडाचं टोक शेवटी, हे दिसेपर्यंत आम्हाला उन्हात उभं केलं. दोन तास लागले. भेळ त्यानंतर मिळाली.

एकदा त्यांनी गृहपाठ दिला की घरात वापरात असलेले पाच दगड शोधून आणा, म्हणजे त्यांची नावं आणा. दहा बाय बाराच्या खोलीत कुठले आलेत दगड, असं म्हणत आम्ही घरी गेलो. पण पाटा निघाला, सहाण निघाली, पाय घासायची वजरी, तुरटी, शेंदेलोण, पायाखालची शहाबादी फरशी. वजरीला भोकं का, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "आंबोळीला जाळी कशी पडते? आतून वाफ निघते म्हणून. लाव्हारस थंड होताना त्यातून वायू निघाला, त्याची ही जाळी." त्या दिवसापासून आई आंबोळ्या घालायला बसली की मला तव्यावर सह्याद्री दिसायला लागला.

त्याच आठवड्यात चाळीत मोठं भांडण झालं. चुनखडीच्या दगडावर आंबट पडलं की तो फसफसतो, असं बाईंनी सांगितलं होतं. चाळीतल्या आम्ही सगळ्या पोरांनी एका संध्याकाळी आपापल्या घरच्या ओट्याच्या कडप्प्यावर लिंबू पिळलं. फेस जेमतेम आला, पण डाग मात्र पांढरे आणि कायमचे पडले. आमच्या आया तावातावाने तिसऱ्या मजल्यावर गेल्या. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि म्हणाल्या, डाग पडला म्हणजे तो दगड चुनखडीचाच, तेव्हा पोरांना दहापैकी दहा. चहा झाल्यावर माझ्या आईने त्यांना विचारलं की मग हा डाग जाणार कसा. तो जाणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आईने पुढे कितीतरी वर्षं त्या डागावर मिठाची बरणी ठेवली.

भरतीची वेळ त्या तिथीवरून काढायच्या. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. कोकणातल्या कुणालाही हे ठाऊक असतं, पण असं का, ते बाईंनी आम्हाला एक मोसंबं आणि दोन लिंबं घेऊन समजावलं. दीड दिवसाचे गणपती पंचमीला जातात, पाचाची पाऊणपट पावणेचार. तेव्हा चारच्या आत दादरला पोचा, नाहीतर ओहोटीला चिखल तुडवत मूर्ती लांब न्यावी लागेल. चाळीतली माणसं निघण्याआधी बाईंच्या दारात येऊन वेळ विचारून जायची. बाई खरंच कुठल्या देवाला हात जोडत होत्या की नाही, मला माहीत नाही, पण विसर्जनाला त्या न चुकता यायच्या आणि पाणी कुठवर आलंय ते बघत उभ्या राहायच्या.

आता त्या दगडाचं सांगते. सहावीच्या शेवटी बाईंनी आमच्याकडून एक मोठा तक्ता करून घेतला, 'आपल्या पायाखाली काय आहे'. वर माती, मग मुरूम, मग काळा दगड. परळ हे मूळचं बेट, बाकीची मुंबई पुष्कळशी भराव घालून केलेली, हे त्यांनी समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "आपल्या चाळी काळ्या दगडावर उभ्या आहेत. आपल्याखाली भराव नाही." शाळेमागच्या टेकडीचा दगड त्यांनी आम्हाला दाखवला होता, हात लावून, वास घेऊन. तोच दगड खालून आमच्या चाळीपर्यंत आलेला आहे, असं त्या म्हणाल्या. कसं कळलं, असं त्या दिवशी आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

ते वर्ष गिरण्यांच्या संपाचं होतं. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कामाला होते, आणि गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर ते दिवसभर घरात बसायला लागले. बाबांच्या दिवसा घरात असण्याचीच आम्हाला भीती वाटायची. सगळ्यांच्या घरी तेच. कुणी गावी निघून गेलं, कुणाची शाळा सुटली. मी मात्र जाता-येता अंगणात टाच आपटून बघायचे आणि मला बरं वाटायचं, कारण खाली काळा दगड होता. बाबांनाही मी ते सांगितलं. ते हसले आणि 'मग काय काळजी नाय' म्हणाले. त्या वर्षी मला जो काही धीर होता तो त्या एका वाक्याचा होता, हे मी आज पन्नाशी ओलांडल्यावरही छातीवर हात ठेवून सांगेन.

पुढे मी भूगर्भशास्त्रच शिकले, दुसरं काही मनात आलंच नाही. गेली सव्वीस वर्षं मी एका कंपनीत आहे. इमारत बांधायच्या आधी जमिनीत खोल भोक पाडून खाली काय आहे ते बघायचं, हे आमचं काम. ड्रिलने कापलेला दगडाचा लांब दंडगोल वर येतो, मनगटाएवढा जाड. त्याला कोअर म्हणतात. तो लाकडी पेटीत क्रमाने ठेवायचा आणि प्रत्येक तुकड्यावर किती खोलीवरचा ते रंगाने लिहायचं. बाईंना मी या पेट्यांचे फोटो दाखवायचे आणि त्या भिंग लावून बघायच्या.

चार वर्षांपूर्वी आमची चाळ पुनर्विकासाला गेली. आईबाबा भायखळ्याला भाड्याच्या खोलीत गेले. बाईंचे गुडघे त्याआधीच गेले होते, आणि त्यांची भाची त्यांना माहीमला आपल्या घरी घेऊन गेली होती. नशिबाने म्हणा किंवा कसंही, चाळीच्या जागेचं काम आमच्याच कंपनीला मिळालं. बाईंना कुठूनतरी कळलं आणि त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, आयुष्यभर ज्याच्याबद्दल बोलले तो दगड मला हातात घेऊन बघायचाय, तेवढं कर. मी हो म्हटलं. मलाच त्यांच्यापेक्षा जास्त घाई झाली होती.

अंगणात यंत्र लागलं त्या दिवशी मी सकाळपासून उभी होते. पहिला दीड मीटर भराव निघाला, विटांचे तुकडे, गिरणीच्या भट्टीची राख. मग काळा, मऊ, वास मारणारा चिखल. मला वाटलं, थोडासा असेल. एक मीटर गेला, दोन गेले, चिखलच येत राहिला, त्यात शिंपल्यांचे तुकडे. सात मीटरपर्यंत खाडी होती. मग मुरूम, आणि दगड लागला तो नऊ मीटरवर. कामगार मला चहा घ्यायला बोलावत होते आणि मी पेटीतला चिखल बघत उभी होते. माझ्या धंद्यात असं रोज निघतं, त्यात विशेष काही नाही. पण मला रडू येत होतं.

मी ठरवलं की बाईंना चिखलाचं सांगायचं नाही. दगड आहे ना, मग दगडच दाखवायचा. रविवारी फूटभर लांबीचा एक सुंदर तुकडा पिशवीत घालून मी माहीमला गेले. बाई खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी तुकडा मांडीवर घेतला, हात फिरवला, वाफ सोडून हुंगला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी केलं ते बरोबरच केलं असं मला वाटलं. किती खोल लागला, त्यांनी विचारलं. दीड-दोन मीटरवर, मी म्हटलं.

त्यांनी तुकडा फिरवला. मागच्या बाजूला पिवळ्या रंगात ९.२० लिहिलं होतं आणि त्याखाली बाण. अक्षर माझंच. इतक्या वर्षांच्या सवयीने मी ते लिहून ठेवलं होतं आणि घरून निघताना एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी तो आकडा वाचला. मग म्हणाल्या, "खोटा कित्याक सांगतंस गो?" आवाज चढला नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले. वरचे नऊ मीटर कुठे आहेत, त्यांनी विचारलं. वर खाडीचा चिखल आहे बाई, मी सांगितलं.

"माका तो चिखल होयो," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी चिखल नेला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो वर्तमानपत्रावर ओतल्याबरोबर घरभर वास सुटला आणि भाचीने मुकाट्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. बाईंनी केसातला आकडा काढून त्याने चिखल उकरला. नखाएवढे शिंपले निघाले, ते त्यांनी बशीत धुऊन रांगेत मांडले आणि प्रत्येकाचं मालवणी नाव मला सांगितलं. अर्धा तास त्या अगदी खुशीत होत्या. मग हात पुसले.

"एवढी वर्षं पोरांना सांगितलं मी. बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "घराघरांत बाप बसलेले. पोरं वर्गात घाबरून बसायची. मला त्यांना काहीतरी पक्कं द्यायचं होतं, म्हणून दिलं." मी त्यांना अंगणात टाच आपटण्याचं सांगितलं. बाबांनाही ते ऐकवलं होतं आणि त्या वाक्यावर मी ते वर्ष काढलं, हेही सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तो धरूनच म्हणाल्या, "ते तुझं तुझ्यापाशी राहू दे. पण भूगोल म्हणून ते चूक आहे."

आणि त्यांनी ती चूक दुरुस्त करायला घेतली. एकतीस वर्षं शिकवलेल्या सगळ्या तुकड्यांना कळवायचं, असं ठरलं. कोणत्या वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप कुणाकडे आहे ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर त्यांनी सांगितला, मी टाइप केला: 'मी, कुंदा तावडे, तुम्हाला सहावीत शिकवलं की लालबाग-परळच्या आपल्या चाळी काळ्या दगडावर उभ्या आहेत. हे मी न बघता सांगितलं होतं. माझ्या चाळीखाली दीड मीटर भराव, त्याखाली साडेपाच मीटर खाडीचा चिखल, मग मुरूम आणि दगड नऊ मीटरवर आहे. तुमच्या चाळीखाली काय आहे ते मला माहीत नाही. कृपया दुरुस्ती करून घ्यावी.'

उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. 'बाई, आमच्या आयुष्याच्या पायातला दगड तुम्हीच' असं एकाने लिहिलं. बाईंनी त्याचं नाव विचारलं आणि हा तेव्हाही प्रश्न न वाचताच उत्तर लिहायचा, असं म्हणाल्या. हे नमस्कार नकोत, समजलं का तेवढं विचार, असा त्यांचा लकडा. मी विचारायचे. पुन्हा हात जोडलेले यायचे. मग परळच्या टेकडीलगत राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने लिहिलं की आमच्या इमारतीच्या खड्ड्यात मात्र दोन मीटरवरच दगड निघाला, आणि फोटो पाठवला. बाईंना कोण आनंद. माझ्याकडून त्यांनी कागदावर लालबाग-परळचा नकाशा काढून घेतला आणि त्यावर ठिपके द्यायला लागल्या. काळा ठिपका दगड, निळा ठिपका चिखल. दर रविवारी मी माहीमला जायचे आणि आम्ही दोघी ठिपके द्यायचो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार ते. तेव्हा ते मोजून घ्यायला हवेत हे सुचलं नाही.

शेवटच्या रविवारी त्यांना बोलताना धाप लागत होती. तुकड्यांच्या यादीवर बोट ठेवत त्यांनी अजून कोण राहिलं ते पाहिलं. तीन वर्षांचे वर्ग राहिले होते. मग मला विचारलं, "बाबांना सांगितलंस?" नाही, मी म्हटलं. ते त्र्याऐंशीचे झाले, आता त्यांना कशाला. बाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडून त्यांनापण मीच शिकवलं ना? यादीत घाल." मी बाबांचं नाव यादीत शेवटी लिहिलं. त्याच आठवड्यात बाई गेल्या.

राहिलेल्या तिन्ही वर्गांना मी कळवलं. बाबांचं मात्र पुढे ढकलत गेले. दिवस झाले, महिना झाला. शेवटी एका दुपारी भायखळ्याला गेले, आई आत पडली होती, आणि बाबांसमोर बसून एका दमात सगळं सांगितलं, भरावापासून नऊ मीटरपर्यंत. बाई हे तुम्हाला कळवायला सांगून गेल्यात, असंही म्हटलं.

बाबांनी चष्मा काढला. "माका म्हायत होता," ते म्हणाले.

चाळीची पाण्याची टाकी खणली तेव्हा खाली उतरलेल्या आठ-दहा जणांत बाबा होते. माझ्या जन्माआधीची गोष्ट, बाई तेव्हा चाळीत राहायला आल्या नव्हत्या. गळ्यापर्यंत खणलं आणि काळा चिखल लागला, पाणी आलं, शिंपले आले. दोन दिवस बादल्यांनी उपसत होते. मग मी सांगितलं तेव्हा बोलला का नाहीत, मी विचारलं.

"तू केवढी खूश होतंस," बाबा म्हणाले. "त्या वर्षी घरात खूश होण्यासारखा दुसरा काय होता?"

मी विचारलं, गळ्यापर्यंत म्हणजे नक्की किती? बाबा खुर्चीला धरून उठले आणि त्यांनी तळहात आडवा करून गळ्याशी लावला. कामाच्या पिशवीतून मी टेप काढली, एक टोक फरशीवर धरून मोजलं. एक मीटर छत्तीस भरलं.

"तेव्हा मी ताठ होतंय," बाबा म्हणाले.

मी वहीत दोन्ही लिहून घेतलं, आकडाही आणि बाबा म्हणाले तेही. बाईंनी यातलं काय धरलं असतं, काय नाही, मला सांगता येत नाही. विचारायला माहीमला आता कुणी नाही.